स्वगत, भाषण की मोनोलॉग?

प्रश्न: विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातला, खोट्या खटल्यात आरोपी ठरलेल्या बेणारेबाईंचा शेवटचा उतारा कॉलेजात बसवतोय. कुणी त्याला स्वगत म्हणतं, कुणी भाषण, कुणी सरळ मोनोलॉग. पण स्टेजवर बाकी सगळी पात्रं हजर आहेत, मग स्वगत कसं?

उत्तर: स्टेजवर एकटं असणं ही स्वगताची अटच नाही. १०व्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' या संस्कृत नाट्यशास्त्राच्या ग्रंथात वाटणी केलीय ती कोण ऐकतंय यावरून, सगळ्यांनी ऐकायचं ते प्रकाश, कुणीच ऐकायचं नाही ते स्वगत, मोजक्यांनी ऐकायचं ते जनांतिक किंवा अपवारित. मोनोलॉग हा सैल शब्द, एकानेच लांबलचक बोलणं एवढंच त्यात येतं.

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधला, सीझरचा मित्र अँटनी बघा. सीझरच्या प्रेतापाशी एकटा उरतो तेव्हा सूडाचं बोलतो, ते स्वगत. मग चौकात लोकांपुढे सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसला पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो, ते भाषण. आधीचं आपण ऐकलेलं असतं म्हणून त्या स्तुतीतली धार आपल्याला पहिल्यापासून कळते, गर्दीला मात्र हळूहळू चढत जाते. माणूस एकच, पण कुणासमोर काय बोलतो यातून तो उभा राहतो.

आता बेणारेबाई. त्या खोट्या खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला १० सेकंद देतात, मग बाकीचे जागच्या जागी गोठतात आणि ती बोलत सुटते, शाळेतली मुलं, कोवळ्या वयात मामावर जडलेलं प्रेम, नंतरचा प्रोफेसर, सगळं सगळं, आणि ते संपल्यावर कोर्टाच्या लेखी ती काही बोललेलीच नसते! म्हणजे घाट आरोपीच्या जबानीचा आणि ऐकणारं कुणीच नाही, म्हणून माझ्या मते ते स्वगतच. तेंडुलकरांची खरी ताकद मला इथे दिसते, या बाईचं कुणी ऐकून घेत नाही हे कुठल्याच पात्राला बोलून दाखवावं लागत नाही.

प्रश्न: मग तिने काशीकरांकडे बघून बोलायचं की प्रेक्षकांकडे?

उत्तर: सुरुवात काशीकरांकडे बघूनच करा, तिला जबाब द्यायचाच आहे. पण मामाचा विषय येईपर्यंत ती नजर सुटलेली असू दे. आणि बाकीच्यांना सक्त सांगा, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर दया आणायची नाही, एकानेही ऐकल्यासारखं केलं तरी अख्खा उतारा पडतो.