ईसी मीटर दुपारी वेगळं अन् सकाळी वेगळं दाखवतंय, कॅलिब्रेट करून टाकू का?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. गच्चीवर शेडनेट मारून छोटा एनएफटी सेटअप (मातीशिवाय, पाईपमधून खताचं पाणी वाहतं ठेवून पिकवायचा) केलाय, पाईपमधे लेट्यूस, पालक अन् थोडा पाकचोय. ईसीचा पेन (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेलं खत किती ते सांगणारा मीटर) ऑनलाईन घेतला अन् सोबत तो तपासायला १४१३ मायक्रोसीमेन्स, म्हणजे १.४१३ मिलीसीमेन्स वाल्या स्टँडर्ड सोल्युशनची बाटली पण मागवली. आता झालंय असं की त्या बाटलीतलं थोडं पाणी कपात घेऊन दुपारी पेन बुडवला तर १.७२ येतं अन् तेच सोल्युशन पहाटे मोजलं की १.४७. बाटलीवर तर १.४१३ लिहिलंय. पेनला कॅलिब्रेशनचं (आकडा जुळवून घ्यायचं) बटण आहे, ते दाबून सरळ १.४१ वर आणून टाकू का? अजून दाबलेलं नाही, म्हटलं आधी विचारावं. पेनवर एटीसी असं कुठं लिहिलेलं दिसत नाही.

दुसरं, धुळ्याचा मित्र आला होता, त्याच्या पेनने माझ्याच टाकीतलं पाणी मोजलं तर ६०० पीपीएम, माझ्या पेनवर ८४०. आता नेमकं कुणाचं खरं धरायचं? लेट्यूसच्या कोवळ्या पानांची टोकं करपू लागलीत म्हणून जास्त काळजी वाटतेय.

केळीचा_खोड (रावेर)

तुना मीटर खराब नही शे भो. बटण अजिबात दाबू नको, निदान दुपारी तर नकोच.

१.४१३ हा आकडा २५ डिग्रीचा आहे. पाणी तापलं की ईसी आपोआप वाढतो, साधारण एका डिग्रीला दोन टक्के. कपातलं पाणी दुपारी ३६ ला असेल तर फरक ११ डिग्रीचा, म्हणजे २२ टक्के वाढ. १.७२ ला १.२२ ने भाग, १.४१ येतंय की नाही बघ. पहाटे पाणी २७ ला असेल, म्हणून १.४७. म्हणजे तुझा पेन दोन्ही वेळा बरोबरच बोलतोय, फक्त त्याला तापमानाचा हिशोब करता येत नाही. एटीसी म्हणजे तोच हिशोब मीटरने स्वतः करणं.

आता समज तू दुपारी बटण दाबून १.७२ चं १.४१ केलंस. मग पाणी पंचविशीच्या जवळ असताना टाकीत खरा ईसी १.२ असला तरी पेन १ च्या खाली दाखवणार, तुला वाटणार खत कमी पडलं, तू ए अन् बी खताची द्रावणं ओतत जाणार अन् पेनवर १.२ येईपर्यंत खरा ईसी दीडच्या जवळ गेलेला असणार. लेट्यूसला आपल्याकडच्या मे महिन्यात एवढं म्हणजे जाच आहे. उन्हात झाड पाणी जास्त ओढतं अन् खत त्या मानाने कमी, त्यामुळं टाकीतला ईसी तसाही वर सरकत जातो. मी तर उन्हाळ्यात लेट्यूसला ०.८ ते १ च्या वर जाऊच देत नाही.

कॅलिब्रेट करायचंच असेल तर असं कर. वाडग्यात माठातलं पाणी घे, त्यात सोल्युशनचा छोटा कप ठेव, कपात साधा थर्मामीटर घाल. आपल्याकडं हवा कोरडी म्हणून माठाचं पाणी चांगलं गार होतं, २५ च्या आसपास येतं. पेन पण त्याच कपात पाच मिनिटं राहू दे, गच्चीवरून तापलेला पेन आणून लगेच आकडा वाचायचा नाही. २५ वर आल्यावर जे दिसेल ते खरं. तेव्हा १.४१ च्या जवळपास आला तर बटणाला हात लावायची गरजच नाही.

शेडनेटवाली_ताई (चोपडा)

वरचं सगळं पटलं. पीपीएमचं सांगते. ईसी एकच असतो, पीपीएम हा त्यावरून गुणाकार करून काढलेला आकडा. काही पेन ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने. १.२ मिलीसीमेन्सचे एकाचे ६०० झाले, दुसऱ्याचे ८४०, दोघंही खरे. म्हणून कुणाशी बोलताना पीपीएम सोडा अन् ईसीच सांगा, नाहीतर कुणीतरी ८०० ठेवा म्हणतो अन् ऐकणारा दुसऱ्याच स्केलवर ८०० करून बसतो.

आणखी एक भाऊ, पेन थेट बाटलीत बुडवत असाल तर ती बाटली गेली समजा. कपात ओतायचं, पेन आधी आरओच्या पाण्याने धुवायचा, मग थोड्या सोल्युशनने विसळायचा, ते फेकायचं अन् दुसऱ्या ताज्या घोटात मोजायचं. वापरलेलं परत बाटलीत नाही. झाकण घट्ट लावा, उन्हाळ्यात उघडी राहिली की पाणी उडतं अन् सोल्युशन दाट होतं. मोजताना पेन हलकेच आपटा, इलेक्ट्रोडला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा कमी येतो.

बोअरचं पाणी वापरत असाल तर इलेक्ट्रोडवर पांढरा थर बसतो, आकडा हळूहळू खाली जातो. पाणी घातलेल्या व्हिनेगरमधे थोडा वेळ ठेवा अन् आरओने धुवा. तारेची घासणी अजिबात नको.

यावलचा_प्रयोगशाळावाला

सोल्युशन घरी करायचं असेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं पोटॅशियम क्लोराईड लागतं, दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश नको अन् घरातलं मीठ तर नकोच. १ लिटरला ०.७४५५ ग्रॅम, पण एवढं कमी वजन साध्या काट्यावर चुकतंच. त्यापेक्षा ७.४५५ ग्रॅम घ्या, डिस्टिल्ड वॉटरने १ लिटर करा, हे झालं १२.८८ वालं. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा, हे १.४१३ वालं. काटा सराफाकडं मिळतो, जळगावात त्याची काय कमी. डिस्टिल्ड वॉटर आधी त्याच पेनने मोजा, शून्याच्या जवळ असलं पाहिजे.

अन् पीएच पेन असेल तर तो वेगळा विषय. कॅलिब्रेट करताना ७ चा बफर (ठराविक पीएचचं द्रावण) आधी, मग ४ चा. आपलं पाणी ५.५ ते ६.५ मधे ठेवायचं असतं, ते ह्या दोघांच्या मधेच येतं, ९.२ ची गोळी नाही वापरली तरी चालतं. पीएचचा काचेचा गोळा कोरडा पडू द्यायचा नाही, अन् आरओच्या पाण्यात पण ठेवायचा नाही, टोपीत ३ मोलरचं केसीएल (पोटॅशियम क्लोराईडचं दाट द्रावण) घालून ठेवायचं. ईसीचा पेन मात्र कोरडा ठेवला तरी चालतो.

तापीकाठ (भुसावळ)

माठाच्या पाण्यात कप ठेवून मोजलं, २५ वर १.४० आलं. बटण दाबलं नाही. आता टाकीचं पाणी पण आधी थर्मामीटर घालून अन् भागाकार करूनच बघतोय, ईसी १.२ च निघाला, म्हणून आरओचं पाणी घालून ०.९ वर आणला. पण टोकं तरी करपतातच आहेत, ते का?

केळीचा_खोड (रावेर)

टोकं करपणं बऱ्याचदा कॅल्शियम पानाच्या टोकापर्यंत न पोचल्यानं होतं, टाकीत कॅल्शियम असून पण. उकाड्यात, हवा न हललेल्या जागी अन् मुळाशी पाणी तापलं की हे वाढतं. टाकी सावलीत घे, वरून ओलं गोणपाट गुंडाळ, एक पंखा लाव. अन् टाकीतल्या पाण्याचं तापमान दुपारी दोनला मोजून इथं टाक, मग पुढचं बोलू.