मदत हवी आहे: फायब्रिनोजेन ४६२ आलंय, अटॅकशी याचा संबंध किती?

मंडळी, थोरल्या भावाला (वय ५१) जानेवारीत अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्त पातळ करायच्या) आणि ॲटोरवास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची, स्टॅटिन) चालू आहे. परवा वहिनींनी हौसेनं मोठं पॅकेज करून घेतलं. त्यात फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) ४६२ (रेंज २०० ते ४००), डी-डायमर (गुठळी विरघळताना वाढणारा घटक) नॉर्मल. तेव्हापासून घरात "रक्त घट्ट झालंय" हा एकच जप. मावसभाऊ तर रक्त पातळ करायची आणखी एक गोळी सुरू करा म्हणतोय.

मी वाचलं ते असं: धमनीतला चरबीचा थर फाटला की आतलं टिश्यू फॅक्टर (गोठणं सुरू करणारं प्रथिन) रक्ताला लागतं, थ्रॉम्बिन हे एन्झाइम तयार होतं आणि ते फायब्रिनोजेनचे फायब्रिन धागे बनवतं. प्लेटलेट्स त्या जाळ्यात घट्ट बसतात आणि वाट बंद. मग ॲस्पिरिन फक्त प्लेटलेट्सना आवरत असेल तर या प्रथिनाचं काय? आणि ४६२ हे अटॅकचं कारण की परिणाम? दादा अजून चोरून सिगारेट ओढतो, हेही सांगून टाकतो.

प्रतिसाद १
नवी गोळी मनानं अजिबात नको. दोन चालू असताना तिसरी म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती. २०१७च्या कॉम्पास चाचणीत ॲस्पिरिनच्या जोडीला रिव्हरॉक्सबान (रक्त पातळ करायचं दुसऱ्या प्रकारचं औषध) २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा दिलं, तेव्हा अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून कमी झाले, पण मोठे रक्तस्राव वाढले. कुणाला द्यायचं ते कार्डिऑलॉजिस्टच ठरवणार.

फायब्रिनोजेन यकृतात बनतं. शरीरात कुठेही सूज, संसर्ग असला की वाढतं, सिगारेटनंही वाढतं. लंडनच्या नॉर्थविक पार्क अभ्यासात १९८६ साली ते जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त दिसला, तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की चोर सापडला. पुढे जनुकं तपासली, तर जन्मतःच ज्यांचं थोडं जास्त असतं त्यांना त्यामुळे अटॅक जास्त येतात असं काही ठोस निघालं नाही. माझ्या मते हा आकडा चोर नाही, चोरी झाल्याचा गलका आहे. रक्त दिलं तेव्हा ताप, दाढ वगैरे काही होतं का? सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) केलंय का?

आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तुम्ही लिहिलंच नाही!

धागाकर्ता
सीआरपी नाही केलं. हिरडी सुजली होती खरी, डेंटिस्ट दाढ काढा म्हणतायत. एलडीएल ९४.

प्रतिसाद १
मग घरातला जप बदला. अटॅकनंतर ९४ जास्तच. ७०च्या खाली तर हवंच, बरेच डॉक्टर ५५च्या खाली आणतात. स्टॅटिनचा डोस वाढवायचा की इझेटिमाइब (कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी) जोडायचं, हे पुढच्या भेटीत विचारा. दाढेसाठी क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करू नका, अँजिओप्लास्टीत बसवलेली स्टेंट (धमनीतली जाळी) नवी आहे. डेंटिस्टना कार्डिऑलॉजिस्टशी बोलायला सांगा. फायब्रिनोजेन पुन्हा करायचे पैसे वाचवा आणि दादाच्या खिशातलं पाकीट काढून घ्या.