शब्दचर्चा : 'ज्या जमिनीवर आपण जमलो आहोत, तिचे'

ओसरी
मेलबर्नमधल्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी एका सर्कशीवर लिहायला घेतलंय आणि नावावरच अडकलेय. 'ना जिनांग' सर्कसचा प्रयोग आहे, 'ऑफ द लँड ऑन व्हिच वी मीट'. संस्थेचा कलादिग्दर्शक हार्ली मॅन, वाका वाका या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजाचा. वाघ-सिंह नाहीत, विदूषक नाही. माणसांची शरीरं, आणि आपण उभे आहोत त्या जमिनीशी आपलं नातं काय हा प्रश्न.

इथे कुठलाही कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कुणीतरी माइकवर या जमिनीच्या मूळच्या लोकांना मान देतं. शहरात बहुधा वुरुंजेरी लोकांचं नाव येतं. लेकीच्या शाळेत असेंब्लीलाही आधी तेच. प्रयोगाचं नाव हा त्या वाक्यातला मधलाच तुकडा आहे, अर्धवट तोडलेला. मी केलं, 'ज्या जमिनीवर आपण जमलो आहोत, तिचे'. पण तिचे कोण? मालक?

शिवाय 'कंट्री' आहेच. इथले ॲबोरिजिनल लोक हा शब्द इंग्रजीतच वापरतात, पण त्यात जमीन, पाणी, आकाश, पूर्वज, रीतभात सगळं येतं. कंट्रीशी बोलतात, तिच्यासाठी गातात, तिला भेटायला जातात. 'देश' लिहिलं तर वाचकाला पासपोर्ट आठवेल.

घाटमाथा
'देश' आधी असा नव्हता. कोकणातली माणसं अजून 'देशावर' जातात ती घाट चढून, विमानाने नाही. देशमुख-देशपांड्यांचा देश म्हणजे परगणा. पण तो अर्थ आता परत यायचा नाही. 'मुलूख' बरा वाटतो, पण त्यात मला घोड्यांच्या टापा ऐकू येतात. 'वतन' कसं?

शिवार
वतन अजिबात नको. वतन कुणीतरी दिलेलं असतं. वर राजा, हातात सनद. इथे नेमकं उलटं आहे. ही जमीन कुणाचीच नव्हती, असं धरून ब्रिटिशांनी ती घेतली. मरे बेटावरच्या एडी माबोंच्या खटल्यात 1992 साली ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हे गृहीतक मोडून काढलं, मग मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मानणारा 1993 चा कायदा आला. म्हणजे हक्क राजाच्या कागदाच्या आधीचा. सातबारा निघण्याआधी शेत होतंच की.

तळकोकणी
ओसरीताई, 'राखणदार' घ्या. आमच्याकडे नाटकाचा पडदा उघडायच्या आधी, घराचा पाया खणायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, विडा मांडायचा, आणि गावकार हात जोडून सुरू करतो, 'बा देवा म्हाराजा…' मागून सगळे, 'व्हय म्हाराजा!' जागेवाल्याला, राखणदाराला आधी सांगायचं की आम्ही आलोय, सांभाळून घे. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो. तुमच्या माइकवरच्या वाक्याला याहून जवळचं मराठीत काही नसेल.

ओसरी
वाचून अंगावर काटा आला. पण अडचण सांगते. आपला राखणदार दिसत नाही. इथले राखणदार जिवंत आहेत, शेजारच्या गल्लीत राहतात, कोर्टात भांडतात. त्यांना राखणदार म्हटलं आणि वाचकाला पिंपळाखालची घुमटी आठवली तर पंचाईत.

मान देणं आणि स्वागत करणं हेही इथे वेगळं. मान कुणीही देऊ शकतं, स्वागत फक्त त्या जागेच्या माणसांनी करायचं. स्वागताची आजची रीत रंगमंचावरूनच आली असं मानतात. 1976 मध्ये पर्थला माओरी आणि कुक बेटांवरचे कलाकार म्हणाले, इथल्या लोकांनी स्वागत केल्याशिवाय आम्ही नाचणार नाही. मग रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो या ॲबोरिजिनल कलाकारांनी ते केलं.

नवखा_७
सरळ 'भूमिपुत्र' लिहा ना.

शिवार
नका. गोव्यात 2021 साली विधेयकात 30 वर्षं राहणाऱ्याला भूमिपुत्र म्हटलं, तर तिथले आदिवासी संतापले आणि सरकारला तो शब्द मागे घ्यावा लागला. महाराष्ट्रात काय झालंय ते सांगायला नकोच. शिवाय मुली कुठे गेल्या त्यात?

षष्ठी_तत्पुरुष
उशिरा आलो. ताई, तुमचं 'तिचे' बरोबर आहे, फक्त त्याच्यापुढे 'मालक' शोधू नका. इंग्रजीतला 'ऑफ' उघडा राहतो. मराठीला चा-ची-चे ठरवावंच लागतं. पण त्याचा इथे फायदाच आहे. आपण अनोळखी माणसाला काय विचारतो? 'तुम्ही कुठले?' उत्तर येतं, 'आम्ही मूळचे वाईचे.' वाई आमची नाही, आम्ही वाईचे. षष्ठी जमिनीला, माणूस तिचा. 'जमीन त्यांची' म्हटलं की खरेदीखत आलं, 'ते जमिनीचे' म्हटलं की नातं. कंट्रीसाठी म्हणून मी 'भुई' सुचवेन. 'या भुईचे.'

घाटमाथा
मान गए. पण '-कर' लावणारे निम्मे लोक त्या गावात कधी गेलेलेही नसतात, हे विसरू नका. मी त्यातलाच.

नवखा_७
पण सर्कसच का? हे भाषणात नाही सांगता येत? आपल्याकडे 'काय सर्कस चाललीय' म्हणजे गोंधळ.

ओसरी
कारण इथल्या सर्कशीत हा 'कुठले?' जुना आहे. कॉन कोलियानो, 1899 साली ऑस्ट्रेलियातल्याच लिस्मोरला जन्मलेला. तारेवर पुढच्या दिशेने कोलांटी मारून परत पायांवर तारेवरच उतरायचा. पुढे अमेरिकेत रिंगलिंगच्या सर्कशीत नाव झालं. त्याचे पूर्वज ॲबोरिजिनल, पण तो रिंगणात यायचा स्पॅनिश म्हणून, बैलांशी झुंजणाऱ्याच्या पोशाखात. घरची मंडळी हवाईची म्हणून खपवली जायची. आपण कुठले हेच सांगायची सोय नव्हती.

आणि एकावर एक थर लावताना सगळ्यांचं वजन शेवटी खालच्याच्या तळपायांत उतरतं. दहीहंडी पाहिलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तळकोकणी
मग अंकात काय जातंय?

ओसरी
मथळा 'ज्या जमिनीवर आपण जमलो आहोत, तिचे'. लेखात कंट्रीला 'भुई', एकदा फोड करून. माइकवरच्या लोकांना 'या भुईचे मूळचे राखणदार', म्हणजे घुमटी आठवली तरी 'मूळचे' सावरून घेईल. संपादकांचा आत्ताच निरोप आलाय : मथळ्यात एक शब्द राहिलाय का?