दहावीची जुनी बॅच: हरवलेले वर्गमित्र शोधणं आणि मेळाव्यानंतरही संपर्क टिकवणं (पुणे)

पेठकर७६

१९७६ ची दहावी, पेठेतली मराठी माध्यमाची शाळा, अ ते ड चार तुकड्या, मुलं-मुली एकत्र. पट दोनशेच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ६३ जण आहेत, त्यात मुली फक्त ११. सकाळी सुप्रभात, दुपारी राजकारण आणि कोणी गेलं की श्रद्धांजल्यांची रांग, एवढंच तिथे चालतं. पन्नास वर्षांच्या निमित्ताने मेळावा करायचा आहे, पण तो झाला आणि महिन्याभरात सगळं परत थंड, असं नको आहे. बाकीचे कसे शोधायचे, ग्रुप कसा चालवायचा आणि मेळाव्याला कशावर अडतं, हे ज्यांनी अशी बॅच सांभाळली आहे त्यांनी सांगावं. ‘फेसबुकवर शोधा’ एवढंच उत्तर नको.

जी_आर_नंबर

ग्रुप बाजूला ठेवा, आधी यादी करा. ग्रुपवर आहेत ते सापडलेले; यादीत हवेत ते वर्गात होते ते सगळे. हा फरक न केल्यामुळे बहुतेक बॅच साठ-सत्तरवर अडकतात.

सुरुवात वर्गाच्या फोटोपासून. प्रत्येक तुकडीचा दहावीचा फोटो कोणाच्या तरी माळ्यावर असतोच आणि खालच्या पुठ्ठ्यावर बऱ्याचदा नावं छापलेली असतात. फोटो फ्रेममधून बाहेर काढा, खिडकीच्या उजेडात धरा, फ्लॅश बंद ठेवा आणि एकेका रांगेचा वेगळा फोटो घ्या. मग त्या तुकडीतल्या चार-पाच जणांना एकत्र बसवून नावं लिहून काढा. ग्रुपवर टाकून ‘ओळखा पाहू’ केलंत तर शंभर मेसेज येतील आणि नोंद एकाचीही होणार नाही.

शाळेतलं जनरल रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने असतं, तुकडीच्या नाही. पाचवीत आलेला एका रजिस्टरात, आठवीत बदली होऊन आलेला दुसऱ्याच. त्यामुळे ‘आमच्या बॅचची यादी द्या’ म्हणून गेलात तर क्लार्क हात वर करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रजिस्टर नंबर असतो. वेगवेगळ्या इयत्तेत आलेल्या पाच-सहा जणांचे दाखले जमवले की कुठली पानं बघायची ते कळतं. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, दोघा-तिघांच्या सह्या, दाखल्यांच्या झेरॉक्स, आणि मागणी फक्त नावांची. पत्ते आणि जन्मतारखा मागू नका; शाळा देणार नाही, देऊही नये. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि जूनमध्ये प्रवेश, तेव्हा जाऊच नका.

तुमचं साल १९७६, म्हणून एका घोळातून वाचलात. १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन बॅच एकदम बाहेर पडल्या. त्या सालातलं कोणी हे वाचत असेल तर ‘७५ चे एसएससी’ असं विचारू नका, ‘दहावी की अकरावी’ असं विचारा.

यादी एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटवर ठेवा. रकाने: तुकडी, शाळेतलं पूर्ण नाव, आताचं नाव, इंग्रजी स्पेलिंग, मोबाइल, दुसरा संपर्क, गाव, शेवटचं कोण बोललं आणि कधी. मोबाइलचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर ९१ लावलेला बारा आकडी नंबर एक्सेल ९.१९ई+११ असा दाखवतो आणि पुढे कॉपी करताना शेवटचे आकडे गायब होतात. ‘दुसरा संपर्क’ म्हणजे मुलगा, मुलगी, भाऊ यांपैकी कोणी. या वयात हा रकाना मोबाइल नंबरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

जुन्या डायरीतले लँडलाइन नंबर: पुण्याचा एसटीडी कोड ०२१२ जाऊन आता ०२० आहे. सात आकडी नंबर असेल तर पुढे २ लावून एकदा फिरवून बघा. सहा आकडी असेल तर नाद सोडा.

नंबरापेक्षा पत्ता बरा. वाडा पडून तिथे इमारत झाली तरी जुन्या भाडेकरूंना पुष्कळदा तिथेच फ्लॅट मिळालेले असतात आणि इमारतीला वाड्याचंच नाव राहतं. घरचे लोक कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला गेले असले तरी खालच्या किराणावाल्याला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असतं. त्यांच्याकडे नंबर मागू नका, आपला नंबर चिठ्ठीवर लिहून द्या आणि ‘त्यांना द्याल का’ एवढंच विचारा. नंबर मागितला की माणूस संशयाने बघतो.

माहेरचं_नाव

तुमच्या ६३ मध्ये मुली ११ आहेत, कारण तुम्ही आडनावाने शोधताय. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या काळात पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलायचे, हे विसरतात. शाळेतली सुनीता लग्नात ‘माधुरी’ झाली आणि आधार, पासपोर्ट, फेसबुक सगळीकडे माधुरीच असेल, तर तुम्ही सुनीता म्हणून जन्मभर शोधत बसाल.

म्हणून मुलींपर्यंत भावांमार्फत जा. भावाचं आडनाव तेच असतं आणि शाळाही बहुतेक तीच असते, फक्त दोन-तीन वर्षं पुढे-मागे. मागच्या-पुढच्या बॅचच्या अ‍ॅडमिनला दहा-बारा मुलींच्या माहेरच्या नावांची यादी एकदम द्या आणि ‘यांच्यापैकी कोणाचा भाऊ तुमच्या बॅचला होता का’ असं विचारा. एकेक नाव पाठवलंत तर पहिल्या दोनांनंतर कोणी उत्तर देत नाही.

दुसरं, पहिला फोन मुलीनेच मुलीला करावा. अनोळखी पुरुषाचा ‘मी तुझ्या वर्गातला’ असा फोन आला की समोरून कट होतो, किंवा घरात चार प्रश्न विचारले जातात. सापडली म्हणून परस्पर ग्रुपमध्ये घालू नका. आधी विचारा. ग्रुपवर आपला नंबर सगळ्यांना दिसतो, हे काहींना नको असतं. त्यांचं नाव यादीत ठेवा, निरोप फोनवर द्या. ग्रुपवर नसलेली व्यक्तीही संपर्कात असू शकते.

आणि मेळाव्याच्या बिल्ल्यावर पहिलं नाव शाळेतलं, मोठ्या अक्षरात, खाली माहेरचं आडनाव आणि तुकडी. आताचं नाव सगळ्यात खाली, लहान. उलट केलंत तर कोणी कोणाला ओळखणार नाही.

गटप्रमुख_ड

ग्रुप थंड पडतो किंवा भांडणात संपतो, कारण दोन वेगळी कामं एकाच ठिकाणी चालतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कम्युनिटी (अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवायची सोय) करा. त्यात ‘घोषणा’ हा ग्रुप आपोआप येतो आणि तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. मेळाव्याची तारीख, कोणाचं निधन, कोणाचा नवा नंबर, एवढंच तिथे. गप्पांचा ग्रुप वेगळा, सुप्रभात तिथे. ज्यांना फुलं नको आहेत ते गप्पांचा ग्रुप म्यूट करतील आणि घोषणा वाचतील. राजकारणावर बंदी घालून ती पाळली जात नाही, हा माझा ठाम समज आहे. त्यासाठी तिसरा ग्रुप काढा आणि हौशी मंडळींना तिकडे धाडा.

अ‍ॅडमिन किमान तीन, वेगवेगळ्या तुकड्यांतले. एकटा अ‍ॅडमिन बाहेर पडला तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कोणालाही अ‍ॅडमिन करून टाकतं. ग्रुपची लिंक फेसबुकवर टाकू नका. कुठे फिरली असं वाटलं तर ‘रीसेट लिंक’ करा, जुनी तिथेच मरते.

पण ग्रुपने संपर्क राहत नाही, फोनने राहतो. यादीतले दहा-दहा जण एकेकाला वाटून द्या. प्रत्येक गटप्रमुखाने आपल्या दहा जणांना तीन महिन्यांतून एकदा फोन करायचा आणि यादीत तारीख टाकायची. पंधरापेक्षा जास्त माणसं एकाकडे दिली की दुसऱ्या फेरीत काम बंद पडतं. वाटणी राहत्या भागाप्रमाणे करा, मैत्रीप्रमाणे नको. मित्रांना लोक एरवीही फोन करतातच, वगळले जातात ते दुसरेच. सिंहगड रस्त्याचा प्रमुख सिंहगड रस्त्याच्या माणसाकडे दवाखान्यातही जाऊ शकतो. फोन सकाळी दहानंतर किंवा संध्याकाळी. दुपारी एक ते चारबद्दल पुण्यात वेगळं सांगायला नको. दोनदा उचलला नाही तर ‘दुसरा संपर्क’. ऐकू कमी येणाऱ्यांना व्हिडिओ कॉल करा, ओठ दिसले की त्यांना बरंच कळतं.

निधनाची बातमी घरच्यांशी बोलल्याशिवाय टाकायची नाही. नावसाधर्म्यातून जिवंत माणसाला श्रद्धांजल्या वाहिल्या जातात, आणि कुलकर्णी-जोशी-देशपांडे असलेल्या बॅचमध्ये तर हे ठरलेलं. गेलेल्याचा नंबरही ग्रुपमध्ये तसाच ठेवू नका. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. घरच्यांना सांगून काढा आणि त्यांची इच्छा असेल तर मुलाचा किंवा मुलीचा नंबर घ्या.

एक इशारा. एकाचा व्हॉट्सअ‍ॅप कोणी ताब्यात घेतला की त्याच्या नावाने ‘दवाखान्यात आहे, वीस हजार पाठव’ असे मेसेज सगळ्या वर्गाला जातात. किंवा ‘लग्नपत्रिका’ म्हणून एपीके फाइल (म्हणजे अँड्रॉइड फोनवरचं अ‍ॅप) येते. उघडली की फोन गेला. सगळ्यांकडून सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये सहा आकडी पिन लावून घ्या. पैसे मागणारा मेसेज आला तर आधी साधा फोन करायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पेठकर७६

सगळ्यांचे आभार, भावांमार्फत शोधायचं डोक्यातच आलं नव्हतं. आणखी दोन गोष्टी. काहीजण म्हणतात वर्गणी काढून शाळेला काहीतरी देऊ आणि त्यासाठी ट्रस्ट काढू. आणि परदेशात असलेल्या पंधरा-वीस जणांशी एकत्र ऑनलाइन बोलायचं तर वेळ जमत नाही.

हिशेबनीस

ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासून दाखल करणं, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, हे सत्तरीत कोण करणार? शाळेला द्यायचं असेल तर ज्याने त्याने थेट संस्थेच्या खात्यात भरावं आणि पावती स्वतःच्या नावाने घ्यावी. संस्थेला ८०जी (देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीची मान्यता) असेल तर सवलत त्यालाच मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, म्हणून चेक किंवा यूपीआय.

मेळाव्याच्या वर्गणीसाठी दोघांचं जॉइंट बचत खातं, त्याच नावाचा क्यूआर. एकाच्या पेन्शनच्या खात्यात पैसे घेतले की महिन्याभरात त्याचा स्वतःचाही हिशेब लागत नाही. पैसे भरताना शेऱ्यात ‘तुकडी आणि नाव’ लिहायला सांगा, नाहीतर सुनेच्या किंवा नातवाच्या यूपीआयवरून आलेली रक्कम कोणाची ते कळत नाही. मेळाव्यानंतर आठ दिवसांत एका पानाचा हिशेब घोषणा ग्रुपवर. ज्याला वर्गणी झेपत नाही त्याचं नाव फक्त खजिनदाराला माहीत असावं.

पंगत_वाढपी

मेळाव्याबद्दल. डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य, रविवार, सकाळी दहा ते तीन. थंडीत बाहेरगावचे आणि परदेशातले आलेले असतात. गणपतीत मध्यवर्ती रस्ते बंद, पितृपक्षात निम्मे येणार नाहीत, दिवाळीत घरचे पाहुणे. रात्रीचा कार्यक्रम नकोच, मोतीबिंदूवाल्यांना रात्री गाडी चालवता येत नाही.

हॉल तळमजल्यावर, नाहीतर लिफ्ट स्वतः बघून या. ‘आहे’ म्हणतात आणि त्या दिवशी ती सामानासाठी असते. कमोड किती आहेत ते मोजा. पेठेत पार्किंग मिळत नाही, तेव्हा मंडई, कसबा पेठ किंवा डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशनपासून रिक्षाने पाच मिनिटांत पोहोचता येईल अशी जागा निवडा आणि स्टेशनचं नाव निमंत्रणातच लिहा. हात असलेल्या खुर्च्या सांगा. बिनहाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठताना गुडघेवाल्यांचे हाल होतात.

जेवण साडेबाराला सुरू झालंच पाहिजे. इन्सुलिन घेणारे असतात, भाषणं लांबली की त्यांना घाम फुटतो. मनोगतं दोन-दोन मिनिटं, तीही तुकडीतून दोघांचीच. गाणी लावायची हौस असेल तर जेवताना नको. श्रवणयंत्रात सगळा कल्ला एकत्र होतो. होकार ९० असतील तर केटररला ८० ताटं सांगा. सकाळी पाच-दहा जण गळतातच, आणि वर पाच-सात ताटं तो सांभाळून घेतो, फक्त ते आधी बोलून ठेवा.

सरांना-बाईंना हॉलवर आणायचा हट्ट धरू नका. ते आता नव्वदीच्या घरात असतील. तिघे-चौघे आधी त्यांच्या घरी जा, शाल-श्रीफळ द्या, दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि तो हॉलमध्ये लावा. घरच्यांना विचारून वेळ ठरवा.

गटप्रमुख_ड

पार्किंगच्या मुद्द्याला दुजोरा, पण मेट्रोवर एवढी भिस्त नको. बाणेर-पाषाणवाल्यांना रिक्षाच लागते. त्या भागातल्या गटप्रमुखाने गाड्या जोडून द्याव्यात, एका गाडीत चौघे.

घड्याळजी

परदेशाच्या वेळांबद्दल. सगळ्या जगाला सोयीची वेळ नाही, तेव्हा दोन वेळा आलटून पालटून ठेवा. रविवारी सकाळी साडेसात: हिवाळ्यात न्यूयॉर्कला शनिवारचे रात्रीचे ९, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे ६, सिडनीला रविवारी दुपारी १. लंडनला मात्र पहाटेचे २, त्यांना सोडून द्या. पुढच्या वेळी रविवारी संध्याकाळी साडेसात: लंडनला दुपारी २, न्यूयॉर्कला सकाळी ९. त्या दिवशी सिडनी आणि कॅलिफोर्निया गळतात.

झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी तुटतं, गुगल मीट तासाभराने. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर ३२ जण बसतात आणि लिंकबिंक समजावत बसावं लागत नाही, म्हणून तोच घ्या. बोलायचा क्रम आधी कळवा, नाहीतर तेच तिघे बोलतात. निमंत्रणात वेळ नेहमी भारतीयच लिहा. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ तासाभराने सरकतं, लंडन-सिडनीचं वेगळ्याच तारखांना, आणि तुम्ही त्यांची वेळ लिहिलीत की दोघे-तिघे हमखास तासभर आधी येऊन बसतात.