गॅदरिंगमध्ये अहिराणी नाटिका स्पर्धेत हवी की फक्त 'पारंपरिक दिवसा'पुरती?

पारोळ्याची लेक

आमच्या कॉलेजात गॅदरिंगची नोटीस लागली. जानेवारीचा शेवटचा आठवडा, तीन दिवस. पहिल्या दिवशी रांगोळी, वक्तृत्व, समूहगीत आणि रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) रक्तदान शिबिर. दुसऱ्या दिवशी एकपात्री, मूकनाट्य, नाटिका. तिसऱ्या दिवशी पारंपरिक दिवस, आनंद मेळावा, संध्याकाळी बक्षिसं. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सर आमचेच आहेत, त्यांना चारचौघांत उभं करायचं नाही.

आम्ही सहा जणांनी दहा मिनिटांची नाटिका बसवली आहे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दोन दिवसांवर आली आहे आणि एक सासुरवाशीण माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे. भाऊ न्यायला येणार होता, तो केळीच्या ट्रकवर हमालीला गेलाय. गोष्ट एवढीच. संवाद सगळे अहिराणीत.

लिहिल्यावर पहिल्यांदा आजीला वाचून दाखवलं. फोनवर भाऊ-बहीण बोलतात तिथे मी "माले तुन्ही याद येस" असं लिहिलं होतं. आजी तूर निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, सासरी बसलेली पोर असं तोंडाने बोलते का कधी? ती विचारेल, आपली गाय व्याली का. मी वाक्य खोडलं आणि गाय घातली. तालमीत त्या जागी आता सगळे गप्प होतात. तेव्हा मला कळलं की मी मराठीत विचार करून अहिराणीत नुसतं उतरवत होते.

निवड फेरीत मी "डोयामा पानी उनं" म्हटलं आणि मागच्या बाकावरून दोघं फिसकन हसले. वाक्य रडण्याचं होतं. हसू फक्त 'डोया' या शब्दाला आलं. ती दोघंही घरी डोळ्याला डोयाच म्हणतात, मला माहीत आहे.

समितीचं म्हणणं असं: नाटिका चांगली आहे, पण स्पर्धेत नको. तिसऱ्या दिवशी साडी-फेट्याच्या फेरीनंतर करा. कारणं दोन दिली. परीक्षक बाहेरून येणार, त्यांना बोली कळणार नाही. आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये अहिराणी चालत नाही.

मला हे मान्य नाही. आनंद मेळाव्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या स्टॉलसमोर सगळ्यात मोठी रांग लागते. ते करणाऱ्या बायांची भाषा मात्र स्टेजवर आली की तिचे गुण मोजायचे नाहीत. आम्ही महिनाभर तालीम केली आहे. हरलो तर हरू, पण बाकीच्यांबरोबर हरू. तुम्हाला काय वाटतं?

नेपथ्य धुळे

ताई, मी चार वर्षं युवारंगला, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला उतरलो, आता मुलांच्या एकांकिका बसवतो. तुझी तळमळ कळते, तरी समितीचं बरोबर आहे असं मला वाटतं.

गॅदरिंगमधली नाटिका ही पुढच्या वाटेची पहिली पायरी असते. कॉलेजातून युवारंग, तिथून राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' महोत्सव किंवा पश्चिम विभागाचा महोत्सव, मग राष्ट्रीय. राष्ट्रीय महोत्सवात नाटिकेला सहा कलाकार, दहा मिनिटं आणि भाषा हिंदी किंवा इंग्रजी. हा नियमच आहे. अहिराणी नाटिका पहिली आली तर संघाला पुन्हा शून्यापासून हिंदीत बसवावं लागतं. मी हे भोगलंय. आमची अशीच एक नाटिका होती, हिंदीत नेली आणि तिचा जीव गेला. तुझी ती गाय हिंदीत कशी विचारणार आहेस?

दुसरं, परीक्षक. न कळलेल्या वाक्याला माणूस गुण देत नाही, मग तो कितीही भला असो. तुम्ही चौथे येणार आणि "बोलीवर अन्याय झाला" म्हणत घरी जाणार. त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी गच्च भरलेल्या मैदानात करा. स्पर्धेच्या दिवशी सभागृहात चाळीस डोकी असतात, त्यातली तीस पुढच्या संघाची.

जिभाऊ शिंदखेडा

धुळेवाला भाऊ, तुम्हनं म्हननं माले पटस नही. पोरं घरमा अहिराणी बोलतस आनि कॉलेजमा गयात का लाजतस. का लाजतस? कारन तठे तिले गुण नहीत. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तिच्यातच मोजतात) बोलणारे १८ लाखांवर लोक नोंदले गेले. भाषा अभ्यासक ग्रियर्सनने १९०७ साली भाषांच्या पाहणीत खान्देशीची वेगळी दखल घेतली, एवढी ती वेगळी भाषा. शंभर वर्षांनंतर आमच्याच पोरीला आमच्याच कॉलेजात सांगायचं, साडी-फेट्यानंतर ये?

पोरी, तू स्पर्धामाच कर.

केळीवाला रावेर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

'खान्देशची बोली म्हणजे अहिराणी' हे आधी सोडा. आमच्या यावल-रावेरकडे लेवागण बोली आहे. तुम्ही 'काय करी ऱ्हायना' म्हणता, आम्ही 'काय करू ऱ्हायला'. बहिणाबाई आमच्या बोलीतल्या, असोद्याच्या. बाहेरचे लोक त्यांनाही सरसकट अहिराणी कवयित्री म्हणतात आणि खान्देशातलेही कुणी दुरुस्त करत नाहीत. मग उद्या स्पर्धेत अहिराणी नाटिका आली तर परवा लेवागण येईल, गुजरांची येईल, तडवी पोरं म्हणतील आमची का नको. एका परीक्षकाला पाच बोली कुठून येणार? गुण कोणाला किती पडले यावरून जातीपर्यंत भांडण जाईल. आमच्या कॉलेजात निवडणुकीशिवायही गट आहेत, आणखी एक कारण नको.

प्रमाण मराठी ही यातली कोणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांची होऊ शकते. स्पर्धा तिच्यात ठेवा. बोली तिसऱ्या दिवशी सगळ्याच आणा, एकापाठोपाठ एक, कोणी वर नाही कोणी खाली नाही.

पारोळ्याची लेक

रावेरचे भाऊ, बहिणाबाईंबद्दल तुमचं अगदी बरोबर. मीही शाळेत असताना त्यांना अहिराणीच समजत होते. पण त्यांचंच उदाहरण घेऊ या. त्यांना लिहिता येत नव्हतं. ओव्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. तेव्हा कुणी म्हटलं असतं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही, आधी प्रमाण मराठीत करून आणा, तर आज हातात काय राहिलं असतं? बोली तशीच ठेवली आणि लोक तिच्यापर्यंत गेले. १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन निघालेल्या आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचंच नाव दिलं. पाच बोली येतील म्हणता, तर येऊ द्या ना. मला लेवागण नाटिका बघायला आवडेल. आणि आम्हाला त्यांनी हरवलं तर मी पहिली टाळी वाजवीन.

धुळ्याचे दादा, गाय हिंदीत जाणार नाही. हे तुम्ही बरोबर पकडलंत. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सातपुड्यातला

मी अक्राणीचा, धडगावजवळचा. घरी पावरी बोली. कॉलेज जळगावला. गावाहून निघालो की घाट उतरून शहादा, मग शिरपूर, चोपडा, मग जळगाव, एसटीत दिवस जातो.

तुमचं भांडण वाचलं. तुम्ही निदान भाषेवर भांडताय. आम्हाला तर नाटिकेत कोणी विचारतच नाही. आमचा नंबर लोकनृत्यात ठरलेला. दहा मुलं, आठ ते दहा मिनिटं, मोरपिसं, ढोल, पावरी हे वाद्य. नृत्य बसवायला बाहेरून कोरिओग्राफर येतो आणि आम्हाला आमचं नाचणं शिकवतो. "हात एका रेषेत घ्या, हसा." आमच्याकडे होळीला बावा आणि बुध्या ही सोंगं घेणारा माणूस आधी पालनी, म्हणजे व्रत पाळतो. खाटेवर झोपत नाही, पायात काही घालत नाही. काठी गावची होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल चालतो. त्यातली आठ मिनिटं कापून, रेषेत उभं राहून, हसून दाखवल्याबद्दल मला दोनदा प्रमाणपत्र मिळालंय. ते घरी दाखवलं नाही.

म्हणून ताई, तुला स्पर्धा का हवी ते मला समजत नाही. स्पर्धेत गेलं की ते त्यांच्या मापाचं होतं. मी असतो तर दोन्ही दिवस नाही म्हटलं असतं. रासेयोचं शिबिर ज्या गावात होतं तिथे रात्री करा, गावकऱ्यांसमोर.

कॅन्टीनचा कोपरा

सगळ्यांचं वाचलं. आमच्याकडे गॅदरिंगच्या खर्चात डीजेचा आकडा सगळ्यात मोठा असतो, नाटकवाल्यांना माइक दोनच. त्यावरही कोणीतरी बोला.

मराठीच्या बाई

मी एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवते, सांस्कृतिक समितीवर बरीच वर्षं आहे. दोन-तीन गोष्टी नियमातल्या सांगते.

नेपथ्य धुळे यांनी नाटिकेचा नियम बरोबर सांगितला. पण त्याच राष्ट्रीय नियमावलीत एकांकिकेला, म्हणजे तीस मिनिटांच्या नाटकाला, कोणतीही प्रादेशिक भाषा चालते. फक्त सारांशाचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद नोंदणीच्या दिवशी द्यावा लागतो. म्हणजे न कळणाऱ्या भाषेचं नाटक कसं तपासायचं हा प्रश्न त्या लोकांना आधीच पडला आणि त्यांनी तो कागदाच्या एका पानाने सोडवला. तमिळ किंवा मणिपुरी एकांकिकेला गुण देता येतात, तर पारोळ्याच्या नाटिकेचा मराठी सारांश परीक्षकाच्या हातात ठेवायला काय अडचण आहे?

आणि कॉलेजचं गॅदरिंग हे कॉलेजचं आहे. इथला पहिला क्रमांक आणि पुढे पाठवायचा संघ हे दोन निर्णय वेगळे ठेवता येतात. आम्ही तसं केलं आहे. नोटिशीत एक ओळ घालावी लागते.

सातपुड्यातल्या दादा, तुझं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. मी स्वतः लोकनृत्याला परीक्षक म्हणून बसले आहे आणि 'समन्वय' या रकान्यात हात रेषेत आहेत का तेच पाहिलं आहे. पालनीबद्दल कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

नेपथ्य धुळे

बाई, एकांकिकेचा नियम मला माहीत होता, मी तो सांगितला नाही हे खरं. आमच्याकडे एकांकिकेला पैसाच नसतो, नऊ पोरं आणि नेपथ्य घेऊन जायचं म्हणजे टेम्पो आला, म्हणून डोक्यातून निघूनच जातं.

तरी माझं मत बदललेलं नाही. सारांश वाचून गोष्ट कळते, वाक्याची धार कळत नाही. 'गाय व्याली का' मध्ये जे आहे ते सारांशात लिहिलं की मेलं. परीक्षकाला ते आपोआप कळलं पाहिजे. म्हणून तीनपैकी एक परीक्षक तरी अहिराणी जाणणारा मागा. तो मिळत नसेल तर स्पर्धेत उतरू नका, हे मी अजूनही म्हणतो.

आणि ताई, नाटक बसवणारा म्हणून एक. 'डोया' ला हसले ना? त्या वाक्याच्या आधी एक श्वास थांब. प्रेक्षक हसला ते तू घाईत बोललीस म्हणून. बाई रडायला लागण्याआधी आवाज गिळते, तो गिळलेला आवाज ऐकू आला की कोणी शब्दाला हसत नाही.

जिभाऊ शिंदखेडा

हाई बरं सांगं भाऊ तुम्ही.

केळीवाला रावेर

एक परीक्षक अहिराणी जाणणारा, मग लेवागण नाटिकेला लेवागण जाणणारा. माझी शंका तिथेच आहे. पण बाईंचं 'दोन निर्णय वेगळे ठेवा' पटलं. आमच्याकडे यंदा कोणी नाटिकाच देत नाहीये, दिली तर मी सारांश लिहून देईन.

पारोळ्याची लेक

आज समितीच्या सरांना भेटले. बाईंनी सांगितलेला एकांकिकेचा नियम छापून नेला होता. सरांनी पूर्ण वाचला. म्हणाले, स्पर्धेबद्दल शनिवारी बैठकीत ठेवतो, शब्द देत नाही. परीक्षकांपैकी एकजण अमळनेरचे आहेत, त्यांना अहिराणी येते का ते विचारतो म्हणाले. सारांश एका पानाचा, उद्यापर्यंत मागितलाय. आज रात्री लिहिते. गायीचं वाक्य मी सारांशात घालणार नाही, दादा.

सातपुड्यातल्या भावा, तुझा मुद्दा डोक्यातून जात नाही. मला स्पर्धा हवी आहे, कारण आमच्या वर्गात जी पोरं लाजतात त्यांना गुणांचीच भाषा कळते. पण आमच्या रासेयोचं शिबिर गॅदरिंगनंतर लगेच आहे, सात दिवस. तिथे एका रात्री ही नाटिका करायची ठरवलीय, परवानगी मिळाली आहे. आजीला नेणार आहे, तिला पुढे खुर्ची ठेवणार. तिथे दहा मिनिटांचं बंधन नाही, म्हणून आखाजीची झोक्यावरची गाणी पूर्ण म्हणता येतील. त्या गावातल्या बायाही म्हणतील बहुतेक. तू जळगावात असशील तर ये. नाचायला नाही, बघायला ये.

'डोया' च्या आधी थांबून पाहिलं आज तालमीत. कोणी हसलं नाही.