ऑनलाइन स्पर्धा खरी की बनावट, कसं ओळखता? अनुभव लिहा

कोथरूडकर आई: गेल्या दिवाळीत लेकाचा राजगड एका ऑनलाइन किल्ला स्पर्धेत दिला. पद्मावती माचीवर हळिवाची हिरवळ इतकी छान उगवली होती! नियम एकच, जास्त लाइक्स त्याचा पहिला नंबर. माहेर, सासर, सोसायटी, सगळ्या ग्रुपवर हात जोडले. रात्री अकरापर्यंत आम्ही पुढे होतो. सकाळी बघते तर दुसऱ्याच किल्ल्याला ९०० लाइक्स जास्त, आणि निम्म्या खात्यांना ना फोटो, ना एखादी पोस्ट. परीक्षक कोण, असं विचारलं तर माझी कमेंटच उडवली. भाग घेण्याआधी तुम्ही काय बघता?

सदाशिव पेठ: मागच्या वर्षीचा निकाल. तो सापडला नाही तर मी पुढे वाचतही नाही. एका दुकानाने सोडतीचा निकालच लावला नव्हता. बक्षीस योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, एवढंच त्यांना मेलवर कळवलं. दोन दिवसांत यादी लागली.

हडपसर: मी फसलो, लिहायला लाज कसली. ‘गाडी लागली, आधी कर भरा.’ १० हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर असतो हे माहीत होतं, म्हणूनच पटलं! रोख बक्षिसातून देणारा कर कापून घेतो. वस्तू असेल तर ती हातात येण्याआधी कर भरावा लागतो, हेही खरं. पण तो सरकारजमा होतो, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. ५,५०० गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, पैसे अजून आलेले नाहीत.

धायरी: सासऱ्यांनी १५० रुपये भरून निबंध पाठवला. राज्यात पहिले आले, प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. मग खालच्या मजल्यावरचे काका पेढे घेऊन आले. तेही राज्यात पहिले. सासऱ्यांना अजून कुणी काही बोललेलं नाही.

औंध: मला मिक्सर खरंच लागला होता. पॅन आणि पत्ता मागितला. ओटीपी नाही, पैसे नाहीत.

कोथरूडकर आई: यंदा किल्ला सोसायटीच्याच स्पर्धेत देतोय. परीक्षक बी विंगमधले आजोबा. त्यांचा नातूही भाग घेतोय म्हणे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.