आकडे तंतोतंत जुळले, मग उत्क्रांती झालीच नाही का?

प्रश्न:
बीएस्सी प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. प्रॅक्टिकलला इंग्लंडमधल्या पेपर्ड मॉथ या पतंगाचं गणित आहे. मँचेस्टरमध्ये १८४८ साली काळा पतंग दुर्मिळ होता, १८९५ पर्यंत सुमारे ९८ टक्के काळे झाले. काळा अलील (जनुकाचं एक रूप) प्रभावी, म्हणजे एकच असला तरी पतंग काळा; पांढरट व्हायला दोन्ही अलील पांढरट हवेत. काळ्या अलीलचं प्रमाण पी, पांढरटचं क्यू, म्हणून पांढरट २ टक्के म्हणजे क्यू² = ०.०२. वर्गमूळ काढून क्यू = ०.१४, पी = ०.८६. यावरून अपेक्षित प्रमाण (काळे पी² + २पीक्यू, पांढरट क्यू²) काढलं तर काळे ९८, पांढरट २. तंतोतंत! म्हणजे हार्डी-वाईनबर्ग समतोल (अलीलांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहणं) आहे, उत्क्रांती नाही? पण काळे तर वाढलेत ना?

उत्तर १:
जुळणारच. वर्गमूळ घेतलंत तेव्हाच समतोल गृहीत धरलात, तोच परत हाती आला. काळ्यांत शुद्ध (दोन्ही अलील काळे) किती आणि संकरित (एक काळा, एक पांढरट) किती हे पंख बघून कळत नाही, तोवर समतोल तपासताच येत नाही.

आणि मुळात एका पिढीचा समतोल बघून उत्क्रांती ठरत नाही. दोन काळांतले पी शेजारी मांडा. १८४८ ला काळे १ टक्का धरले तर पी = ०.००५. तिथून ०.८६, तेही पन्नासहून कमी पिढ्यांत, कारण या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२४ मध्ये हिशोब मांडला, की एवढ्या वेगासाठी काळ्यांची प्रजननक्षमता पांढरटांच्या दीडपट हवी. मला हे गणित फार आवडतं. हेच हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

उत्तर २:
मी विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे सोल्युबिलिटी टेस्ट या प्राथमिक चाचणीत एएस (एकच सिकलसेल अलील, म्हणजे वाहक) आणि एसएस (दोन्ही तसे, म्हणजे रुग्ण) दोन्ही नळ्या गढूळ दिसतात, पण इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) एएसचे दोन पट्टे वेगळे उमटतात. मग वर्गमूळ कशाला, सरळ मोजायचं. समजा १०० जणांत एए (सिकलसेल अलील एकही नाही) ८०, एएस १८, एसएस २. एस अलील १८ + ४ = २२, एकूण २०० पैकी, म्हणजे ०.११. एवढ्या लहान नमुन्यात ०.०२ इकडेतिकडे होतंच. पुढच्या पिढीत ०.१३ आलं म्हणून उत्क्रांती म्हणू नका. शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसंही एकत्र मोजू नका. एसएस रुग्ण लवकर दगावतात, त्यामुळे म्हाताऱ्यांत ते कमीच सापडतात.

प्रश्नकर्ता:
मग १८९५ चा क्यू जर्नलमधून खोडू?

उत्तर १:
खोडू नका. शेजारी ‘समतोल गृहीत धरून’ एवढं लिहा आणि खाली १८४८ ची ओळ जोडा.